उलटीची गोळी

बाबा घरी आले की दाराआधी त्यांच्या शिंका यायच्या. ते कळमन्याच्या बाजारात तोलारी होते, म्हणजे दिवसभर काट्यावर माल तोलून द्यायचा. मिरचीचा हंगाम लागला की त्यांच्या कपड्यात, केसात, सायकलच्या सीटखालीसुद्धा तिखटाची धूळ बसलेली असायची. ते फाटकापाशी शिंकायचे, मग मी शिंकायची, मग चुलीपाशी आई शिंकायची आणि शिंकता शिंकताच ओरडायची, "अगा, तिथंच उभे राहा ना गा! पह्यले आंघोळ, मंग घर!" बाबा मोरीत दोन बादल्या अंगावर घेईपर्यंत आम्हाला कोणाला नीट बोलता यायचं नाही. मला आजही बाजारात लाल मिरचीचं पोतं दिसलं की नाकाआधी डोळे भरून येतात. लोकांना वाटतं बाईला ॲलर्जी आहे. असेल.

आमच्या घरात पोट हा फार मोठा विषय होता. बाजारातली माणसं सकाळी जी तर्रीपोह्याची प्लेट मारतात, ती वरपर्यंत लाल तेल असलेली, आणि त्यानंतर दुपार कलेपर्यंत नुसता चहा. मग जळजळ, मळमळ, उलट्या. बाजाराच्या फाटकाजवळच्या औषधाच्या दुकानात एक पांढरी, बारीकशी गोळी मिळायची. उलटीची गोळी. दुकानदार पट्टीतून कात्रीनं कापून द्यायचा, चिठ्ठी कोणी मागत नव्हतं आणि कोणी दाखवत नव्हतं. गोळीनं खरंच बरं वाटायचं. म्हणून बाबा पट्टीच आणून ठेवायचे आणि आई ती पट्टी ओव्याच्या डबीत ठेवायची. तिच्या लेखी ओवा आणि गोळी एकाच खात्यातले. शेजारची बाई पोट धरून आली की आई डबी उघडायची, "हे घे. पाण्यासंगं गिळ. माह्या हाताला यश आहे." आणि ती बाई दुसऱ्या दिवशी हसत यायची. आईला आपल्या त्या डबीचा केवढा अभिमान होता!

मी बारावी सायन्सला होते. आमच्या खानदानात सायन्सला जाणारी पहिली. बाबांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली माझं टेबल लावून दिलं होतं आणि घरात कोणी मोठ्यानं बोललं की ते नुसते त्या टेबलाकडे बोट दाखवायचे. इतकं सगळं माझ्यासाठी चाललंय म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा यायला लागला. चाचणी असली की सकाळी उलटी. शिकवणीला निघायच्या आधी उलटी. आईनं अर्थातच डबी उघडली. गोळी लागू पडली. मग सकाळी एक, शिकवणीच्या आधी एक, आणि माझं तोंड जरा उतरलेलं दिसलं की आणखी एक. दिवाळीच्या आधीपासून हे सुरू होतं. मीसुद्धा शहाण्यासारखी आ करून उभी राहायची. आईच्या हातची गोळी खाताना कोण विचार करतं?

हिवाळ्यात माझी पाळी चुकली. पुढची पण चुकली. खरं सांगू तर मला आनंद झाला, एक कटकट गेली. पण मग छाती दुखायला लागली, जड वाटायला लागली, आणि एक दिवस कॉलेजच्या प्रयोगशाळेत, समोर बेडूक चिरून ठेवलेला, मला कपड्याला ओल जाणवली. खाली पाहिलं तर ॲप्रनच्या आत दोन ओले गोल. मी जर्नल छातीशी धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही. मोरीत कडी लावून पाहिलं. पांढरं. बोटाला लावलं, वास घेतला. दूधच होतं. मी बादली उपडी करून तिच्यावर बसून राहिले आणि बाहेरून आई विचारत होती, "काय करून राहिली वं इतका वेळ?" त्या दिवसापासून मी स्वेटर घालायला लागले. नागपूरची थंडी ती किती, संक्रांतीनंतर तर दुपारी घाम निघतो. मी घाम गाळत स्वेटरमध्ये बसायची. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, "सुजाता, तुले का हिमालयात जायचं आहे?" मी हसायची. आत कपड्याच्या घड्या कोंबलेल्या असायच्या.

मला स्त्रीच्या प्रजनन संस्थेची आकृती डोळे मिटून काढता येत होती, बारावीला ती हमखास यायची. आणि तरी मला वाटायला लागलं की नक्की आपल्या हातून काहीतरी झालंय. बसमध्ये कोणी खेटून बसलं असेल. कोणाच्या टॉवेलला तोंड पुसलं असेल. जे काहीच केलं नाही त्याची मी रोज उजळणी करायची. या अडाणीपणाची लाज मला अजून वाटते, कदाचित दुधापेक्षा जास्त.

कपडे आई धुवायची, तेव्हा लपणार ते किती दिवस? एका दुपारी बाबा बाजारात असताना तिनं दाराला कडी लावली. तिच्या हातात माझी दुधाचे डाग पडलेली बॉडी होती.

"हे काय आहे?"

मी ती तिच्या हातातून ओढायला गेले.

"सुजे, कोन आहे तो?"

"कोण?"

"मले वेडी नको बनवू. उलट्या दिवाळीपासून. पाळी नाई, मी का पाहत नाई का? अन् आता हे दूध. कोन आहे तो, नाव सांग."

"आई, मी काहीच नाही केलं. शप्पथ."

"दूध का आभाळातून पडते?" आणि तिनं मला मारलं. आईचा हात तसा हलका होता, पण ती आधी कधी तोंडावर मारत नसे. मग ती स्वतःच खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. "तुह्या बाबाले समजलं तं ते जीव देतील वं. त्या टेबलाकडे पाहून जगून राहिले ते."

आज मी स्वतः जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई आहे आणि आईच्या बाजूनं विचार करायचा म्हटलं तर तिच्यासमोर उलटी, पाळी आणि दूध अशा तीन गोष्टी होत्या. कोणत्याही आईनं तोच हिशोब मांडला असता. पण तिनं मला एकदाही विचारलं नाही की तुला होतंय काय. ती फक्त कोण, कोण, हेच विचारत राहिली. या गोष्टीचा मला राग आहे. वय झालं म्हणून राग जातो असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

आईनं मला मावशीकडे हुडकेश्वरला नेऊन ठेवलं. आता तिथं गल्लीगल्लीत फ्लॅट आहेत, तेव्हा मावशीच्या घरामागं तुरीचं शेत होतं. बाबांना सांगितलं, पोरीला शांततेत अभ्यास करायचा आहे. पुस्तकं मात्र आईनं घरीच ठेवली. मी मागितली तर म्हणाली, "कशाचे पेपर? पेपर गेले खड्ड्यात. आधी हे निस्तरू दे." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नुसती अब्रू नाही, माझी परीक्षाही गेली, आणि परीक्षा गेली म्हणजे मी गेले. कारण मावशीनं लगेच एक स्थळ पण काढलं होतं, बायको वारलेला कोणीतरी. आई नाही म्हणाली नव्हती.

मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, अंगानं आडवी आणि स्वभावानं ठाम. ती माझ्या पोटावर हात दाबून बघायची आणि "अजून लहान आहे" म्हणायची. मला कच्ची पपई, तीळगूळ, कसले कसले काढे. मी ते ओकायची. ओकली की आई पुन्हा ती पांढरी गोळी द्यायची, कारण आईच होती ना शेवटी, पोरीला उलटी झालेली तिला बघवत नसे. मारणं आणि गोळी देणं, दोन्ही त्याच हातानं. आणि दूध वाढतच चाललं होतं.

एका रविवारी शिंक ऐकू आली. बाबा कळमन्याहून थेट हुडकेश्वरपर्यंत सायकलवर आले होते, हँडलला संत्र्यांची पिशवी. ओसरीवर टेकले आणि मला म्हणाले, "काय सुजाबाई, चालू आहे ना अभ्यास?" आई दारात उभी. मी मान हलवली. त्यांनी संत्रं सोलून माझ्या हातात ठेवलं, माझ्या स्वेटरकडे बघितलं, मग आईकडे.

"तापगिप आहे का इले? किती बारीक झाली पोट्टी."

"काही नाई. जागरण करते."

"जागरण काहून करू देता? एखाद्या चांगल्या डाक्टरले दाखव. पेपरात चक्कर आली तं?"

त्यांना मी सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, असं मला वाटतं. पण छातीला दूध येतं हे बापाला कोणत्या शब्दात सांगायचं? त्यांच्यासमोर बसताना मी हात छातीशी घट्ट बांधून बसले होते आणि संत्र्याचा रस माझ्या कोपरापर्यंत ओघळत होता. ते गेल्यावर आईनं संत्र्याची सालं गोळा केली. मग मावशीला म्हणाली, "उद्या नेतो मी इले. मोकळी करून आणतो."

सीताबर्डीवर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. आईनं त्यांच्यासमोर हात जोडले. "बाई, पोरगी लहान आहे, चूक झाली. इले मोकळं करा." मला टेबलाखाली जावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारख्याच रुक्ष दिसत होत्या. त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं. मला तपासलं, लघवी तपासली, आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"बाळ, तुला काय काय होतंय ते पहिल्यापासून सांग."

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कोणीच विचारला नव्हता. मला इतकं रडू आलं की सांगताच येईना. त्या थांबल्या. मग मी सांगितलं, चाचण्या, उलट्या, सगळं. त्यांनी विचारलं, औषध काही घेतेस? मी म्हटलं, औषध नाही, नुसती उलटीची गोळी.

"नुसती?" त्या म्हणाल्या आणि आईला आत बोलावलं.

आईनं कमरेची पिशवी सोडून पट्टी काढून दिली. त्या दिवशी सकाळचीही गोळी तिनं मला दिली होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटीपालटी करून बघितली.

"तुमच्या मुलीच्या पोटात काही नाही. तिनं काही केलेलं नाही. तिला या गोळीनं दूध आलंय."

"गोळीनं?" आई म्हणाली. "ही तं पोटाची आहे, बाई."

"पोटासाठी आहे, पण ती मेंदूतही काम करते. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. उलटीचा संदेश त्याच्यामार्फत जातो, म्हणून ही गोळी त्याला अडवते. पण त्याच रसायनाकडे दुसरं एक काम आहे. दूध आणणारं जे संप्रेरक असतं, प्रोलॅक्टिन, त्याला ते दाबून ठेवतं. झाकणासारखं समजा. ही गोळी महिनोन्‌महिने घेतली की झाकण निघतं. मग दूध येतं, पाळी थांबते. लग्न झालेलं असो की नसो. पुरुषालासुद्धा होऊ शकतं."

"माणसाले बी?" आईच्या डोळ्यांसमोर बाबा आले असावेत.

"हो. आणि आणखी एक. माणूस घाबरलं, ताणात असलं की शरीर जी संप्रेरकं सोडतं त्यातही हे असतं. गोळीनं वाढलेलं, वरून भीतीनं आणखी थोडं वाढणार. आता रक्त घ्यायचंय, तर आधी तिला बाहेर शांत बसू द्या. सुईच्या धाकानंही आकडा चढतो. आणि कृपा करून तिला ओरडू नका. गोळी आजपासून बंद. हळूहळू सगळं जागेवर येईल."

आम्ही बाहेर बाकावर शांत बसलो. आईचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडले होते. मी वाट बघत होते. ती आता काहीतरी म्हणेल, निदान डोक्यावरून हात फिरवेल. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भूक लागली का?" मी नाही म्हटलं. बस. इतकंच.

हुडकेश्वरला पोचल्यावर मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "गोळीनं दूध! आम्ही का कधी गोळ्या खाल्ल्या नाई? डाक्टरीण शहाणी निघाली, तुले वाटेला लावलं." मी आईकडे बघितलं. तिनं एकदा म्हणावं, माझ्या पोरीनं काही केलं नाही. एवढं एकच वाक्य. आईनं माझे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाली, "चाल, इचे पेपर जवळ आले." स्थळाचं नाव तिथंच संपलं.

पुढे दूध आटलं. पाळी यायला थोडा वेळ लागला, पण आली. ओव्याच्या डबीत फक्त ओवा राहिला, आणि बाबांना मळमळलं तर आई त्यांना ताक द्यायची. ते विचारायचे, "गोळी कुठी गेली बावा?" ती ताकाचा पेला पुढे करायची. बारावीचे पेपर मी दिले. प्रत्येक पेपरला आई माझ्यासोबत आली आणि केंद्राबाहेर, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन पेपर सुटेपर्यंत बसून राहिली. मी खिडकीतून तिचा पदर बघून लिहायची. मी मनात म्हटलं, हाच तिचा जबाब. तोंडानं बोलणं तिला जमत नाही, म्हणून ती इथं बसते. त्या विश्वासावर मी सगळं आयुष्य काढलं. शिकले, नोकरी केली, संसार केला. बाबा गेले, त्यांना शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं. पीयूषिका ग्रंथी शिकवताना प्रोलॅक्टिनच्या ओळीपाशी मी नेहमी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. मागे पोरंपोरी फिदीफिदी हसायची आणि मी खडूनं अक्षरं पुन्हा पुन्हा गडद करायची. एवढी मास्तरीण झाले तरी कान तापायचे ते तापायचेच.

आई आता माझ्याकडेच असते, मनीषनगरला. तिची आठवण विरत चालली आहे. कधी मला मावशी समजते, कधी मी कोण हे तिला समजतच नाही. परवा दुपारी तिला वरणभात भरवत होते. दोन घास शहाण्यासारखे खाल्ले, मग तिनं माझं मनगट धरलं. डोळे अगदी स्वच्छ होते.

"सुजे," ती म्हणाली, "तुह्या त्या लेकराचं काय केलं वं आपण?"

मला समजलंच नाही. "कोणतं लेकरू?"

"बारावीच्या वक्ताचं. मी तुले बर्डीले नेलं होतं. पाडलं ना आपण ते?"

मी चमचा ताटात ठेवला. आणि या वयात, त्या बाईला, जिला स्वतःच्या नवऱ्याचं नाव आठवत नाही, मी धडा शिकवायला बसले. आई, लेकरू नव्हतंच. ती उलटीची गोळी होती. मेंदूतलं एक रसायन ती अडवते, त्यानं दूध येतं. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. माझा आवाज चढला होता. मी बारावीतल्या सुजातासारखी शपथा घ्यायला लागले होते.

ती ऐकत होती. मग तिनं मान हलवली. "नको सांगू वं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. दूध होतं." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, पदर तोंडात धरून, जसं शेजारी अजूनही कोणी ऐकत असेल. "जितं लेकरू पाडलं मी. मी पापीण."

हे तिनं इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं, की विरलेल्या डोक्यानं आत्ता रचलं, मला माहीत नाही. विचारायचं तरी कोणाला? उन्हात बसलेला तो पदर माझ्यासाठी होता, की तिला वाटणाऱ्या त्या पापासाठी, हेही आता कधी कळणार नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्यासमोर एक म्हातारी बाई कोणाला तरी मारल्याच्या दुःखात बसली आहे, आणि खरं सांगून तिचं ते दुःख जात नाही.

"नाही पाडलं, आई," मी म्हटलं. "आहे ते. जितं आहे."

"आहे?" तिनं पदर तोंडातून काढला. "पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"शिकून राहिली?"

"हाव. खूप शिकली."

जे कबूल करायला म्हणून मला मारलं होतं, ते मी असं वरणभाताच्या ताटावर बसून कबूल केलं. माझं तोंड भाजल्यासारखं गरम झालं होतं. आईनं सुस्कारा सोडला, गालाला हात लावून बसली, आणि मग माझ्याकडे वळून, ज्यासाठी मी दवाखान्याच्या बाकावर बसून वाट बघितली होती ते म्हणाली.

"तिले सांगजो, आजीचं चुकलं म्हणा. तिची काही चूक नव्हती."

"सांगते," मी म्हटलं, आणि तिला पुढचा घास दिला. जी कधी जन्मलीच नाही त्या पोरीचा मला त्या क्षणी इतका हेवा वाटला, की ती लाज मी अजून कोणाला सांगितलेली नाही.